ब्रेक कोणी दाबला

माझ्या कामाचं श्रेय दुसऱ्याला जाण्याची मला सवय आहे. पुरणपोळी चांगली झाली की डाळ चांगली होती. गाईनं दोन लिटर जास्त दिलं की पेंड चांगली होती. मुलं शिकली ती बापावर गेली म्हणून. तीस वर्षांत मी यावर भांडणं सोडून दिलं होतं. पण एका पिकअप गाडीनं माझं श्रेय न्यावं, आणि तेही सबंध वर्षभर, हे मात्र अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

आमच्या गोठ्यात सोळा गाई. घोडेगावचा जनावरांचा बाजार आमच्यापासून जवळ, आणि तो भरतो शुक्रवारी. गाय बघायची मला नजर आहे, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. कासेवरून हात फिरवला की मला कळतं ती कशी निघेल. पण बाजाराला जायचं तर यांना वेळ पाहिजे, नाहीतर मोठ्या दिरांना. हे गेले की येताना दिसायला देखणी आणि धार काढताना लाथा मारणारी गाय घेऊन यायचे. लाथा मात्र मी खायच्या. म्हणून वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले, लायसन काढलं आणि ते देवघरात ठेवलं, कारण घरातली गाडी कोणी माझ्या हातात देईना.

मग यांनी ती मोठी पिकअप घेतली. पुढेमागे मिळून पाच माणसं बसतील अशी केबिन आणि पाठीमागे हौदा. चढायला पायरी, आणि पायरीवर चढायलाही दांडा. शोरूममधला पोरगा तासभर बोलत होता. समोर काही आडवं आलं तर ही गाडी स्वतः ब्रेक मारते. रस्त्यावरचा पांढरा पट्टा सोडून भरकटली तर ओरडते. काचेच्या वरच्या बाजूला, आरशाच्या मागे कॅमेरा आहे, तो सगळं बघतो. हे ऐकता ऐकता यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"मग आता तू चालवली तरी चालंल," म्हणाले.

मला इतका आनंद झाला की त्या वाक्यात काय होतं ते तेव्हा कळलंच नाही. त्यांचा भरवसा माझ्यावर बसला नव्हता, कॅमेऱ्यावर बसला होता. चावी मिळाली याच खुशीत मी पेढे वाटले.

गाडी घरी आली, ओवाळली, चाकांखाली लिंबं फोडली. दुसऱ्या दिवशी हे रेडियमवाल्याकडे गेले आणि समोरच्या काचेवर वरून आडवी, चांगली वीतभर रुंद पट्टी लावून आले. 'आई-वडिलांची पुण्याई'. त्याच संध्याकाळी गाडी चालू केल्यावर पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि गेल्या. त्या गेल्या तरी स्पीडच्या काट्याशेजारी गाडीचं एक बारकं चित्र पेटून राहिलं. पिवळं.

"हे काय?" मी विचारलं.

"मशीन चालू झालं," हे म्हणाले. "दिवा लागलाय, दिसत न्हाई का?"

आता यात यांची फार चूक आहे असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे विहिरीवर मोटारीच्या पेटीला तीन दिवे असतात, लाल, पिवळा, निळा. तिन्ही लागले की थ्री फेज आली, धावत जायचं आणि बटण दाबायचं. पिवळा दिवा विझला की डोक्याला हात. दिवा जळतोय म्हणजे काम चाललंय, एवढं साधं गणित आमच्या रक्तात आहे. मीही मान डोलावली. रोज सकाळी तो दिवा पेटलेला बघून मला बरं वाटायचं. एकदोनदा तर मी हात जोडल्याचंही आठवतंय.

तर माझे शुक्रवार सुरू झाले. सकाळची धार आटोपली की मी एकटी बाजाराला निघायचे. पहिल्या दोन महिन्यांत मी दोन गाई आणल्या. त्यांना घरी आणायला टेम्पो केला, पण पारख माझी, सौदा माझा. दोन्ही अजून गोठ्यात आहेत आणि लाथ मारत नाहीत. येताना हौद्यात पेंडेची पोती असायची. बाजारातले दलाल आधी माझ्या पाठीमागे बघायचे, मालक कुठे आहे म्हणून. पुढे पुढे बघेनासे झाले.

गावात मात्र वेगळीच कथा पसरली. ती पसरवली मोठ्या दिरांनी. ते शेजारीच राहतात आणि दिवसाचे चार तास चहाच्या हॉटेलात काढतात. "वहिनी नुसती बसती," ते सांगायचे. "चालवती गाडीच." दीर थोरले असूनही मला वहिनी म्हणतात, कारण माझी टिंगल करायला त्यांना तेच सोयीचं पडतं. बाया मला थांबवून विचारायच्या, खरंच हात सोडले तरी चालते का गं? मी म्हणायचे, चालते, तू बसून बघ. हसायचे आणि घरी येऊन भांडी आदळायचे.

आणि मग तो उसाचा ट्रॅक्टर.

कारखाने सुरू झालेले, रस्त्यावर जिकडेतिकडे ऊस. आम्ही दोघं शेवगावहून येत होतो. उतरतं ऊन सरळ डोळ्यांवर. हे शेजारी बसून घोरत होते. एका वळणापुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ट्रॉलीच्या स्प्रिंगचा पाटा तुटून भर रस्त्यात उभा होता. मागे ना दिवा, ना फांदी, ना दगड. नुसता ऊस, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि तोही उन्हाच्या रंगाचा. तो मला दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं आणि पाय असा दाबला की सीटवरून उठलेच. गाडी थांबली तेव्हा उसाची वाढी, शेंड्यांची पानं, बोनेटवर टेकली होती.

हे दचकून जागे झाले. समोर बघितलं. पांढरेफटक पडले. मग हात पुढे करून म्हणाले, "शाब्बास! शाब्बास गं माझी वाघीन!"

मला वाटलं मला म्हणतायत. मी त्यांच्याकडे वळलेसुद्धा. ते डॅशबोर्ड थोपटत होते.

"मी दाबला ब्रेक," मी म्हणाले.

"तू दाबायच्या आधी तिनं दाबला आसंल. तुला काय कळनार हाय?"

माझी पोटरी दोन दिवस ठणकत होती. तेल लावताना मी स्वतःशी म्हणायचे, गाडीनं दाबला तर माझी पोटरी का दुखते? पण गंमत बघा, आठ दिवस सगळ्यांनी तेच तेच सांगितल्यावर मलाही खात्री वाटेना. दाबला होता खरा, पण आधी कोणी दाबला? याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. त्यांनी माझं श्रेय नेलं ते नेलंच, वर मीही उठून त्यांना देऊन बसले. त्यानंतर गाडी कुठे नीट थांबली की मीच मनात म्हणायचे, कॅमेरा आहे म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात खडीच्या डंपरवरून उडालेला दगड लागला आणि समोरची काच तडकली. नगरला सर्व्हिसला नेली, दोघं गेलो. तिथल्या मेकॅनिकनं गाडीला टॅबलेट जोडला, थोडा वेळ बघितलं आणि काचेवरच्या पट्टीकडे बोट केलं.

"ही कधी लावली?"

"नवी घेतली तवाच," हे म्हणाले. "दुसऱ्या दिवशी."

"मग तेव्हापासून सिस्टीम बंदच आहे, काका. कॅमेऱ्याच्या तोंडावरच लावलीय. पिवळा दिवा दिसत नव्हता का?"

"दिसत हुता की! रोज लागत हुता!"

"तो बंद असला की लागतो."

मेकॅनिक आपल्या कामाला लागला होता, त्याला मी मुद्दाम थांबवलं. म्हटलं, भाऊ, मला एकच सांगा. मागच्या वर्षी आमच्यापुढे उसाची ट्रॉली आली होती. गाडी अगदी टेकून थांबली. तेव्हा ब्रेक कोणी दाबला?

"तुम्हीच, मावशी. दुसरं कोण दाबणार?"

तो किती सहज म्हणाला! मला तिथे त्या ऑइलच्या वासात रडू यायला लागलं. मी यांच्याकडे बघितलं. आता हे काहीतरी म्हणतील. शाब्बास नको, वाघीण नको, निदान "मग तूच दाबलास म्हन की" एवढं तरी. त्यांचं तोंड उसाच्या ट्रॉलीसमोर झालं होतं तसंच पांढरं झालं होतं.

"म्हंजी वर्षभर," ते मेकॅनिकला म्हणाले, मला नाही, "वर्षभर ही बाई अशीच चालवत हुती?"

त्यांनी माझ्या पर्सवर ठेवलेली चावी उचलून खिशात घातली. बाहेर जाऊन भावाला फोन लावला. "दादा, आरं मशीन बंदच हुतं! व्हय! देवानंच राखलं! न्हाई न्हाई, आता न्हाई देनार तिच्या हातात." मी काचेच्या आतून सगळं ऐकत होते. म्हणजे गाडी चालवते असं वाटत होतं तोवर मला परवानगी होती, आणि मी चालवते हे कळल्यावर ती गेली. यात कोणाला काही वावगं दिसत असेल तर मला सांगा, कारण त्या दिवशी त्या इमारतीत मला सोडून कोणालाच दिसत नव्हतं. देवालाही वाटा मिळाला. मला मिळाला नाही.

काच बदलली, कॅमेरा चालू झाला, संध्याकाळी निघालो. हे चालवत होते, आणि आता मशीन खरोखर जागं होतं.

यांची गाडी चालवायची पद्धत म्हणजे रस्ता बापाचा. पट्टा ओलांडला की गाडी ओरडायची. स्टेअरिंग आपोआप मागे ओढायचं, हे पुन्हा उलटं ओढायचे. समोर कडब्याच्या पेंढ्या घेतलेली मोटारसायकल आली, हे तिच्या बुडाला जाऊन भिडले, तशी गाडीनं असा ब्रेक मारला की यांची टोपी पायात पडली. मागच्यानं हॉर्न वाजवला. "आयला, हिच्या तर!" हे म्हणाले. मी खिडकीबाहेर बघत बसले. बोलले असते तर भांडणच झालं असतं. पाच-सहा मैलांवर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि घाम पुसला.

"तू घे. माजं डोकं उठलं. आता मशीन चालू हाय, आता भ्या न्हाई."

मी चालवायला बसले. मशीन एकदाही ओरडलं नाही. पट्टा सोडला नाही, कोणाच्या बुडाला गेले नाही, ते ओरडणार कशाला? घोडेगाव मागे पडलं. हे आता निवांत झाले होते.

"बघ," म्हणाले, "कसं सांभाळून घेतंय तुला."

मी इंडिकेटर दिला, गाडी कडेला थांबवली. सर्व्हिसमध्ये बसल्या बसल्या मी गाडीचं पुस्तक चाळून त्यातली चित्रं बघून ठेवली होती. पडद्यावर जिथे दाबायचं तिथे दाबलं आणि पिवळा दिवा पेटला.

"आगं, काय केलं?"

"बंद केलं. उद्या सकाळी मीच चालू करीन, मी काय अडाणी न्हाई. चांगली गोष्ट हाय ती. पन घरापातूर आता मी एकटी चालवनार. तुमाला उतरायचं असंल तर उतरा."

ते उतरले नाहीत. खिडकीवरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसले. मी गाडी काढली. दोन बैल रस्त्यात मोकळे फिरत होते, त्यांना वळसा घातला. पुढे एसटी लागली, आधी मी तिच्या मागे राहिले, मग नीट जागा बघून पुढे गेले. यांनी आधी एक हात दांड्यावरून काढला आणि मग दुसरा.

फाट्यावर वळताना फोन वाजला. यांचा फोन गाडीला जोडलेला, त्यामुळे दिरांचा आवाज सगळ्या केबिनमध्ये घुमला.

"आरं, आता वहिनी काय बाजाराला जात न्हाई. मग शुक्रवारी गाडी मी नेतो, मला शेवगावला जायाचंय."

यांनी पडद्यावरच्या नावाकडे बघितलं. मी रस्त्यावरचे खड्डे चुकवत होते.

"आयकतोय न्हवं?"

"शुक्रवारी गाडी मोकळी न्हाई, दादा."

"का? कोन नेतंय?"

यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं, आणि इतक्या हळू म्हणाले की शेजारी बसून मलाच जेमतेम ऐकू आलं. "ही."

"कोन? आवाज येत न्हाई!"

मी स्टेअरिंगवरचे हात न काढता म्हटलं, "अहो, जरा मोठ्यानं सांगा."