साहेब येणार म्हणून पसरलेली माती

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजता नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद कारखान्याच्या जागेवर माती तपासणीचे पहिले भोक पाडले गेले. साडेदहाला काम थांबवावे लागले.

त्या कारखान्यात सायकलच्या सुट्या भागांना क्रोमियमचा मुलामा चढवला जाई. तो बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. शेडही उरली नव्हती. जागा निवृत्त कामगारांच्या गृहनिर्माण संस्थेने घेतली होती, पण माती घरांसाठी सुरक्षित आहे असा अहवाल आल्याशिवाय बांधकामाला परवानगी मिळणार नव्हती. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे कारखान्याचे जुने फोरमन. ते गंगापूर रोडच्या मागे, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत. गुडघ्यांमुळे त्यांची पत्नी दिवाळीपासून खाली उतरली नव्हती. त्यांना तळमजला हवा होता. हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सांगितले.

तपासणीसाठी आम्ही तिघे होतो: भूशास्त्र शिकलेल्या मॅडम, गिरमिट फिरवणारा घोटीकडचा कामगार आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून नोंदी लिहिणारा मी.

गिरमिट लोण्यात जावे तसे आत गेले. कामगाराने वर आलेली माती चिमटीत चोळली.

"मॅडम, ही इथली माती नाय. भाताच्या खाचरातली हाय. ही बघा मुळं."

मॅडमनी फोरमनकडे पाहिले. फोरमननी गेटकडे पाहिले.

"घोटीला आमच्या व्याह्यांचं शेत आहे," ते शेवटी म्हणाले. "चार ट्रॉल्या आणल्या. काल सगळ्यांनी मिळून पसरली. वर पाणी मारलं."

"कशासाठी, काका?"

"तपासणी येणार म्हणून. आम्ही नोकरीभर हेच केलं. साहेब येणार म्हटलं की झाडलोट, चुना, पाणी. आवार तसंच कसं दाखवायचं?"

"डॉक्टरकडे जाताना तुम्ही बरे होऊन जाता का?"

"आंघोळ करून तर जातो, मॅडम."

भोवती उभे असलेले सात-आठ निवृत्त कामगार हसले. मॅडमही हसल्या, पण तो नमुना त्यांनी बाद केला.

फोरमन मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि खाली काही सापडलं तर? घरं गेली?"

"सापडलं तर तेवढी माती काढता येते. झाकून ठेवलं तर त्यावर तुमची नातवंडं खेळतील. मुलाम्याचे हौद कुठे होते, तेवढं सांगा."

 फोरमननी चुन्याची फक्की मागवली, गेटपाशी गेले आणि मोठ्याने पावले मोजत आत आले. चौतिसाव्या पावलाला थांबून त्यांनी एक चौकोन आखला.

"हा क्रोमचा हौद."

"अहो, तो आणखी पुढे होता," एक जण म्हणाला.

"तू कधी वेळेवर आलास? तुला गेट तरी कुठे होतं ते माहीत आहे का?"

"गेट कसं माहीत नसेल? तुम्हीच तर बाहेर उभं करायचा."

वाद अर्धा तास चालला. तोपर्यंत कोणाच्या तरी घरून चहाची किटली आली. शेवटी चौकोन दोन पावले पुढे सरकला. सांडपाण्याची जुनी मोरी जिथून गळायची ती जागा मात्र सर्वांनी एकमताने दाखवली. तिथे गवत उगवत नसे, हे प्रत्येकाच्या लक्षात होते.

आणलेली माती ज्यांनी पसरली होती त्यांनीच दोन दिवसांत फावड्यांनी बाजूला केली. शुक्रवारी गिरमिट पुन्हा लागले. चौकोनाखाली आणि मोरीच्या कडेने मुरूम क्रोमियमच्या डागांनी पिवळा निघाला. उरलेल्या जागेत रंग कुठे बदलला नाही. सगळ्या बाटल्या त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेत पोहोचल्या.

अहवालात क्रोमियम मर्यादेबाहेर आढळले ते फक्त हौद आणि मोरीखाली. तेवढी माती खणून, बंद गाड्यांतून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रावर नेण्यात आली. खड्ड्याच्या तळाचे आणि कडांचे नमुने पुन्हा तपासले. ते मर्यादेत आले. आराखड्यात हौदाच्या जागी वाहनतळ दाखवण्यात आला आणि पावसाळ्याआधी बांधकामाला परवानगी मिळाली.

आराखड्यात तळमजल्यावर चार घरे आहेत. त्यांतले गेटजवळचे घर संस्थेच्या सभेत फोरमनच्या पत्नीच्या नावे मंजूर झाले.