वैशालीची हजेरी

आमच्या लालबागच्या खोलीत देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं मी शाळेत असल्यापासून वाटली आहेत. त्यामुळे हे लिहिताना मलाच लाज वाटतेय... पण घडलं ते घडलं.

परळला, जुन्या गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये आमचं ऑफिस. अकरावा मजला. आठवड्यात तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर — याला कंपनी ‘वेलनेस’ म्हणते. तीन दिवस भरले नाहीत की वॉर्निंगची मेल! शेजारच्या डेस्कवरच्या वैशालीला दोन आल्या होत्या. तिसरी आली की नोकरी गेली. तिची आई भोईवाड्याजवळ हॉस्पिटलात होती. रिटायर्ड क्लार्क, जन्मात लेट मार्क नाही. ग्लानीतही लेकीला विचारायची, मस्टरवर सही केलीस ना?

गुरुवारी सकाळी आठला वैशालीचा फोन. "आईचं काही खरं नाही रे. जाताना माझं कार्ड घेऊन जा, नुसतं गेटला टेकव."

मी नाही म्हटलं. हक्क भांडून घ्यायचा, चोरून नाही — असं भाषणही दिलं.

"तुझं बरोबरच असेल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

साडेअकराच्या सुमाराला सहज मान वळवली, तर तिच्या खुर्चीत कोणीतरी पाठमोरं. पिकलेला अंबाडा, सुती साडी. मला वाटलं, साफसफाईच्या मावशी टेकल्या असतील. तेवढ्यात कॉल आला. नंतर पाहिलं तर खुर्ची रिकामी. पाठीवर पांढरा नॅपकीन, सरकारी ऑफिसात घालतात तसा.

दुपारी मेसेज आला. आई सकाळी नऊलाच गेली होती.

पुढच्या आठवड्यात एचआरच्या मॅडमनी बोलावलं. गेटच्या नोंदीत गुरुवारी, आई गेली त्याच दिवशी, वैशालीचं कार्ड : आत ९.५८, बाहेर ६.०२. कार्ड तर दिवसभर तिच्या पर्समध्ये, हॉस्पिटलात. तू टेकवलंस का, त्यांनी विचारलं. नाही म्हटलं.

"मग ती आली होती?"

हो म्हणणं खोटं. नाही म्हटलं तर तिची नोकरी जाणार. पहिल्यांदाच माझ्याकडे घोषणा नव्हती.

"खुर्चीत माणूस होतं," मी म्हणालो.

नोंद कायम राहिली, नोकरीही. गेटची मशीन नंतर दोनदा तपासली, बिघाड सापडला नाही. मलाही कुठला खुलासा सापडलेला नाही.

नॅपकीन मी वैशालीला नेऊन दिला. तिने तो ओळखला. चार घड्या घालत म्हणाली, "त्या सकाळी मी आईचा हात धरून बसले होते रे. फोन स्पीकरवर होता."