कोऱ्या काचेवरचा उजेड

"आज तू आत येऊ नकोस. पूजा आहे."

सर प्रयोगशाळेच्या दारात आडवे उभे होते. खंडेनवमी. मायक्रोस्कोपला झेंडूचा हार, पुढे हळदकुंकवाचं ताट. मी एम.एस्सी. झालेली. रोज त्याच यंत्रावर काम करायची. सणाला मात्र बौद्धाच्या पोरीचा हात नको.

"पेशींच्या काचा आजच बसवायच्यात, सर. पेशी थांबायच्या नाहीत."

"मी बसवतो. तू व्हरांड्यात बस."

नंतर पेढा आला. सरांनी वरूनच ओंजळीत सोडला.

ही नाशिकमधली, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. उंदराच्या मेंदूतल्या पेशी आम्ही काचेवर वाढवायचो. एक प्रोटीन पेशीत नेमकं कुठे असतं, ते शोधायचं. त्याला चिकटणारं द्रव्य घातलं, की निळ्या प्रकाशात ती जागा हिरवी चमके. आमचं प्रोटीन पेशीच्या लांब धाग्यांत दिसे. मधल्या केंद्रकात कायम अंधार. पडताळ्याला एक कोरी काच असे. तिच्यावर पेशी असत, द्रव्य नसे. ती काळीच दिसायला हवी.

दसऱ्यानंतर सर खुशीत होते. "बघ, केंद्रकातही आहे! कुणाला दिसलं नव्हतं."

मी पाहिलं. अख्खी पेशी हिरवी. कोरी काच लावली. तीही हिरवी. सरांची नखं अजून पिवळी होती. ताटातली हळद नव्या काचेला लावून पाहिली. तोच हिरवा उजेड.

"सर, ही हळद आहे. पूजेच्या हातांनी काचा बसवल्यात."

"कोरी काच तूच नासवली असशील. तुमच्याकडे स्वच्छतेची सवय कुठून असणार?"

"मी व्हरांड्यात होते, सर."

त्यांनी दार आतून लावून घेतलं. आवाज एकदम मऊ झाला. "संशोधनाच्या पेपरात तुझं नाव कधी आलं नाही ना? या वेळी घालतो. ती काच धुऊन टाक."

माझे अण्णा लासलगावला कांद्याची पोती वाहायचे. लेकीचं नाव छापलेलं बघायचं, एवढीच त्यांची हौस. मी नळ सोडला. काच धारेखाली नेली. हात तिथेच थांबला.

"नाव नको. मला बाहेर बसवून केलंत, ते माझ्या नावावर नको."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

पेपर छापून आला. हिरव्या केंद्रकासकट. त्यावर पुढे कुणी काय संशोधन रचलं असेल, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. अण्णा हौस मनात ठेवूनच गेले.

आता कुणाच्याही व्हरांड्यात मी बसणार नाही. आणि विचारा, न विचारा, सांगत राहणार. तिथे प्रोटीन नव्हतं. हळद होती.