तळ्याखालच्या गावाचे नियम

आमच्या मैलापूरच्या घरात एक कायदा होता: उंबऱ्याच्या आत मराठी. कायदा अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते बंदराच्या कचेरीत कारकून होते. दिवसभर तमिळ आणि इंग्रजी बोलून यायचे, दारात चपला काढायचे आणि त्या दोन्ही भाषाही तिथेच ठेवायचे. आमचे पूर्वज तंजावरात नक्की कधी आले हे त्यांनाही धड सांगता येत नसे. महाराष्ट्र आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. तरी भाषा टिकली ती या उंबऱ्यामुळे, असं त्यांचं ठाम मत होतं. भाजीबाजारातले, स्वयंपाकघरातले तमिळ शब्द आमच्या मराठीत इतके मुरले होते की ते त्यांना ऐकूच येत नसत. पण जेवताना माझ्या तोंडून अख्खं तमिळ वाक्य निसटलं, की ते भात कालवायचे थांबत आणि मी तेच मराठीत म्हणेपर्यंत तसेच बसून राहत. भात निवून जायचा आणि आई वैतागायची.

त्यामुळे माझी शेजारची मैत्रीण आमच्या घरात फारशी येत नसे. ती तमिळ होती, आणि भयंकर बडबडी. आमची बैठक तिण्णैवर, म्हणजे घराबाहेरच्या रस्त्याकडेच्या ओट्यावर भरायची. तिथे अप्पांचा कायदा चालत नव्हता. त्या ओट्यावर, साठ सालानंतरच्या एका उन्हाळ्यात, आम्ही एक गाव वसवलं.

त्या वर्षी देवळाचं तळं आटलं होतं. तळाच्या मातीला भेगा पडल्या होत्या आणि मुलं तिथे खुशाल क्रिकेट खेळत होती. मैत्रिणीनं विचारलं, "पाणी असतं तेव्हा खाली कोण राहतं?" मी म्हटलं, मासे. "मासे सगळ्यांना माहीत आहेत. माशांच्या खाली?" या प्रश्नानं माझं डोकं धरलं ते सोडेचना. माशांच्या खाली गाळ, गाळाच्या खाली काय? त्या खालच्यांना उन्हाळ्यात क्रिकेटचा त्रास होत असेल का? संध्याकाळपर्यंत आमच्या गावाला घरं झाली होती, एक राजा झाला होता (तो मैत्रिणीचा, तिला राजाशिवाय चैन पडत नसे) आणि गाळ उपसणारी एक बाई झाली होती (ती माझी).

तेवढ्यात आत्या शाळेतून आली. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लहान वयात विधवा झाली, मग हट्टानं शिकली आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागली. राहायची आमच्याकडेच. घरात जाण्याआधी ती घाम सुकेपर्यंत तिण्णैवर टेकत असे. तिनं आमचं गाव ऐकून घेतलं, पदरानं वारा घेतला आणि मला विचारलं, "तुमचा राजा सकाळीं उठून काय करतो गे?"

आम्हाला माहीत नव्हतं. राजा राज्य करतो, एवढंच माहीत होतं.

"सरी, बरं. कळलं कीं सांगा," असं म्हणून ती आत गेली.

तिची रीत अशीच. गोष्ट रचायची तर मला आणि मैत्रिणीला आधी चमत्कार हवे असायचे. आत्याला हवं असायचं ते माणूस सकाळी उठून काय करतं, कुणावर चिडतं, त्याला काय खायला आवडतं. तळं बुजवून तिथे घरं बांधू पाहणारा एक दुष्ट मी आणला. आत्यानं त्याला दुष्ट मानायलाच नकार दिला. "त्याला घरं कां हवीं? कुणासाठीं?" शेवटी त्याला सहा मुली निघाल्या आणि राहायला एक खोली. मग मला त्याची इतकी दया येऊ लागली, की त्याला हरवायचं कसं हाच प्रश्न पडला. मैत्रीण चिडून म्हणाली, "तुझ्या आत्यानं खलनायक खराब केला." खरंच होतं ते, पण गोष्ट तेव्हापासून चांगली झाली.

जादूच्या बाबतीत तर तिनं आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या. आमची जादू सोपी होती: वस्तूचं नाव मनापासून उच्चारलं की ती वस्तू आज्ञा पाळते. दार म्हटलं की दार उघडतं. पाणी म्हटलं की पाणी येतं.

"मग त्या गावात कुणी तहानलेलं कां असेल?" आत्या आमच्या दोघींशी बोलताना तमिळमध्ये बोले. "मग गोष्टच कशाला हवी? घेतलं ते कुठून तरी वजा व्हायला हवं."

आम्ही वजा करायच्या वस्तू शोधू लागलो. मैत्रीण म्हणाली, जादू केली की एक केस गळावा. आत्या म्हणाली, केस परत उगवतो. मी म्हटलं, एक थेंब रक्त. तिनं नाक मुरडलं. "तेही परत भरतं. परत भरून निघेल अशी किंमत ही किंमत नव्हे." आम्ही हिरमुसून बसलो. समोरून फुलवाली ओरडत गेली, मैत्रिणीच्या आईनं तिला हाक मारली, आणि तेवढ्या वेळात आत्याला उत्तर सापडलं असावं, कारण ती एकदम हसली.

"जो शब्द वापरला, तो जाईल. कायमचा. पाणी म्हटलं, पाणी आलं, पण पाणी हा शब्द त्या माणसाकडे पुन्हा कधीच नसेल. पुढच्या वेळी तहान लागेल तेव्हा मागायचं कसं?"

असला नियम मी कुठे ऐकला नव्हता. आणि एकदा तो लागू झाल्यावर गाव आपोआप भरत गेलं. म्हातारी माणसं खुणा करून बोलू लागली, कारण तरुणपणी त्यांनी शब्द उधळले होते. आया मुलांना जपून बोलायला शिकवू लागल्या. माझी गाळवाली काटकसरी होती. तिनं आयुष्यात एकच जादू केली होती आणि ती कोणती हे आम्हाला अजून ठरवायचं होतं. मैत्रिणीच्या राजानं तर रागाच्या भरात 'वर' हा शब्दच खर्चून टाकला. त्यानं तळ्याचं पाणी वर उसळलं, शत्रू पळाले, पण राजा तळाशी अडकला. वर म्हणून काही असतं का, हे त्याला विचारताच येईना.

मैत्रीण मोठी बेरकी. तिनं पळवाट काढली: "दुसऱ्याच भाषेतले शब्द शिकून तेच खर्चले तर? मी हिचं मराठी शिकते. मला ते कुठे लागतं?"

आत्या खूप हसली. मग म्हणाली, "नाही चालणार. ज्या शब्दानं तू कधी रडली नाहीस, तो खर्चायला तुझा नव्हेच."

राजाला वर कसं आणायचं यावर आम्ही अडून बसलो होतो, त्याच दिवसांत आत्याला झटका आला. सकाळी मागच्या विहिरीवर पाणी शेंदताना ती खाली बसली ती उठलीच नाही. उजवा हात लुळा पडला, तोंड किंचित वाकडं झालं, आणि वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं, जिवाला धोका नाही, मात्र तिच्याशी सारखं बोलत राहा. बोलणं परत येतं कधी कधी.

आम्ही बोलत राहिलो. आई बोलायची, अप्पा कचेरीतून येऊन बोलायचे, मी शाळेतून येऊन बोलायचे. सगळं मराठीतच, घरात दुसरं काही सुचायचंही नाही. आत्याला कळत होतं. मान हलवायची, डोळ्यांनी हसायची. पण उत्तर द्यायला तोंड उघडलं की चेहरा कोरा पडे, ओठ नुसतेच हलत, आणि मग ती भिंतीकडे तोंड फिरवी. अप्पा तिच्यापुढे पेला धरून विचारत, "अक्का, हें काय? सांग, हें काय?" लहान मुलाला विचारावं तसं. मला ते बघवत नसे. आणि माझ्या मनात निराळाच हिशेब चाललेला असायचा. नियम आत्याचा होता, सगळ्यांत आधी तिलाच माहीत होता. इतके शब्द देऊन तिनं काय घेतलं असेल? मी घरभर हिंडून बघत असे. काय वाढलंय घरात? कोण बरं झालंय? भीती वाटत होती, आणि तरी जाणून घ्यायची उत्सुकता काही केल्या थांबत नव्हती.

एक दिवस मैत्रिणीच्या आईनं तिच्याबरोबर ताक पाठवलं. आई मागीलदारी होती. मैत्रीण जी आत शिरली ती थेट आत्याच्या खाटेशी. आजारी माणसाशी कसं बोलावं याचा तिला पत्ता नव्हता. ती तमिळमध्ये सरळ म्हणाली, "टीचर, राजा अजून तळाशीच उभा आहे. त्याला वर आणायचा कसा?"

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. वाकड्या तोंडानं, अडखळत, पण स्वच्छ तमिळमध्ये ती म्हणाली, "पायऱ्यांनी."

आजारानंतरचा तिचा तो पहिला शब्द. मैत्रिणीला यात काही विशेष वाटलंच नाही. ती म्हणाली, "हो की! तळ्याला पायऱ्या आहेतच!" आणि ताकाचं भांडं ठेवून निघून गेली.

त्या दिवशी आत्या आणखीही बोलली. तमिळमध्ये पाणी मागितलं, उशी सरकवायला सांगितली. आई रडली, आनंदानं. अप्पांना घरी आल्यावर मात्र उणं तेवढंच दिसलं. शाळेतली, रस्त्यावरची, फुलवालीची भाषा परत आली होती आणि घरातली आली नव्हती. त्यांनी पुन्हा पेला धरला. आत्यानं तमिळमध्ये पेला म्हटलं. अप्पा म्हणाले, "आपलें सांग, अक्का." तिचा चेहरा कोरा पडला. अप्पा उठून मागच्या दारी जाऊन उभे राहिले. त्यांना बहीण परत मिळाली होती आणि तरी मिळाली नव्हती, हे मला तेव्हाही कळलं.

पण कायदा तो कायदा. दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी एक युक्ती काढली. कचेरीतून आले की ते आत्याला खुर्चीसकट उचलवून बाहेर तिण्णैवर आणत आणि तिथे बसून तिच्याशी तमिळमध्ये गप्पा मारत. दिवे लागले की खुर्ची आत, आणि आत गेल्यावर दोघंही मुकी. गल्लीतली माणसं बघत राहत. आईनं कपाळाला हात लावला. किती आठवडे हे चाललं कोण जाणे. मग एका संध्याकाळी खुर्चीला हात घातल्यावर आत्यानं डाव्या हातानं त्यांना अडवलं. तिला नव्हतं जायचं, अंग दुखत होतं. अप्पा उभे राहिले, एकदा दाराकडे पाहिलं, आणि खाटेच्या कडेवर बसले. मग हलकेच, उंबऱ्याच्या आत, त्यांनी तिला तमिळमध्ये विचारलं, "जेवलीस का?"

त्यानंतर मैत्रीण रोज घरात येऊ लागली आणि गोष्ट पुन्हा सुरू झाली. राजा पायऱ्यांनी वर आला. सहा मुलींच्या बापाला तळ्याकाठीच घर मिळालं. एकदा आत्या आणि मी दोघीच असताना मी तिला अखेर विचारलं, तिनं शब्द देऊन काय घेतलं.

ती बराच वेळ हसत राहिली. मग तमिळमध्ये लाडानं म्हणाली, "नियम आपण केला होता, कण्णा. आजाराला तो कुठे माहीत होता?"

मला हे उत्तर पटलं आणि थोडं वाईटही वाटलं. काहीतरी घेतलेलं असतं तर बरं झालं असतं. मराठी तिला सगळी समजायची. आम्ही आमच्यात बोललेलं ऐकून योग्य जागी हसायचीही. बोलताना मात्र कधी एखादा शब्द यायचा, कधी तोही नाही. नाही आला की ती मला विचारी, मी सांगे, आणि ती तो पुन्हा पुन्हा घोळवी. आता मी तिची टीचर होते, आणि याचा मला अभिमान होता.

एका दुपारी ती खाटेवर बसली होती. छपरात एक काचेचं कौल होतं, त्यातून उन्हाचा तुकडा जमिनीवर पडला होता आणि सावकाश सरकत होता. आत्या त्याच्याकडे पाहत होती. मग तिनं बोट दाखवलं आणि मला तमिळमध्ये विचारलं, "आपल्या घरात याला काय म्हणतात?"

मी तोंड उघडलं. शब्द होता. मी लहान असताना तो तुकडा पकडायला रांगायचे तेव्हा आत्याच तो म्हणायची. तिचा स्वर मला ऐकू येत होता, शब्द तेवढा येत नव्हता. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "ऊन, आणखी काय." अप्पा आल्यावर त्यांना विचारलं. ते जमिनीवर त्या जागी, ऊन सरून गेलं होतं तिथे, पाहत उभे राहिले. म्हणाले, "तें तीच म्हणायची."

आत्या माझ्याकडे बघत वाट पाहत होती.

पुढे लग्न होऊन मी महाराष्ट्रात आले, तेव्हा आत्या नव्हती. माझ्या मराठीला इथे लोक सुरुवातीला हसले, मग सवय झाली त्यांना आणि मलाही. एका पुस्तकात मला कवडसा हा शब्द भेटला. छान शब्द आहे, मी तो वापरते. पण वाचला त्याच क्षणी मला कळलं होतं, की आत्या म्हणायची तो हा नव्हे.