चौदा हजार फुटांवर लेले काका म्हणाले, "चुकलं माझं"

रविवारी सकाळी स्पितीहून पुण्यात परतले... माझ्याच जुन्या सेडानने, तिच्या त्याच इंजिनवर! याचं सगळं श्रेय लेले काकांचं.

काका पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वारगेटजवळ छोटं गॅरेज टाकलं. मी सदाशिव पेठेत गणिताचे क्लास घेते आणि वर्षातून एकदा हिल क्लाइंबला जाते. म्हणजे वाहतूक बंद केलेल्या घाटात, घड्याळ लावून गाडी वर चढवायची.

गेल्या वर्षी स्पितीत चौदा हजार फुटांवर गाडीला धापच लागली. हवा इतकी विरळ... मी शेवटून पहिली आले. म्हणून यंदा काकांना म्हटलं, नायट्रस बसवा. तो वायू इंजिनात सोडला की हवेत कमी पडलेला ऑक्सिजन भरून निघतो.

"पुण्यात वापरणार असशील तर दुसरं गॅरेज बघ," काका म्हणाले. "इथे हवेची टंचाई नाही. अकलेची आहे, आणि ती नायट्रसने भरून निघत नाही."

एरवी रस्त्यावर नायट्रसचा सिलिंडर जोडणार नाही, हे माझ्याकडून दोनदा कबूल करून घेतलं. मग तीन आठवडे खपून किट बसवलं. वरच्या हवेचं गणित इथे बसून पुरतं सुटत नाही, म्हणून सदुसष्टाव्या वर्षी स्वतः बरोबर आले. तिथे विरळ हवेमुळे दोन दिवस डोकं धरून बसले होते बिचारे, पण तक्रार नाही.

सरावाच्या फेरीत बटण दाबलं आणि... गाडी अशी काही उसळली की मला हसूच फुटलं! सगळ्यांत कमी वेळ माझा. सगळे काकांभोवती जमले, टाळ्या, फोटो.

काका मात्र बॉनेटमध्ये वाकलेले. एक स्पार्क प्लग काढून भिंगातून बराच वेळ बघत होते. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलं माझं."

प्लगच्या पांढऱ्या भागावर बारीक चमकते ठिपके होते. पिस्टनचं अॅल्युमिनियम वितळू लागलं होतं. "मी थंडीचा हिशोब धरला, उन्हाचा धरलाच नाही. मागच्या काचेतून ऊन येऊन मागे बसवलेला नायट्रसचा सिलिंडर तापला, प्रेशर वाढलं. नायट्रस जास्त गेला, पेट्रोल कमी पडलं. आणखी एक फेरी अशीच मारलीस तर पिस्टनला भोक."

खरं सांगते, मी चिडले. "अहो काका, एकच तर फेरी उरलीय! पहिली येईन मी..."

"येशीलही. पण गाडी ट्रकवर घालून न्यावी लागेल. गाडी तुझी आहे, ठरव तू."

पाच मिनिटं मी एका दगडावर जाऊन बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं... मग उठले आणि म्हटलं, "कमी करा."

काकांनी नायट्रसचा जेट, म्हणजे वायू जिथून सुटतो ते छिद्र, बदलून बारीक लावला आणि सिलिंडरवर स्वतःचा ओला पंचा गुंडाळला. मी चौथी आले. गाडी शेवटपर्यंत एकदाही अडखळली नाही.

काकांनी गुपचूप जेट बदलला असता तर कुणाला कळलंही नसतं. आपल्यासाठी टाळ्या वाजत असताना आपलीच चूक शोधायला वाकणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. काका, तुम्ही आता कॉलेजात शिकवत नसलात तरी मी तुमची विद्यार्थिनी आहे... मनापासून आभार.