दादा सिग्नलला उभा होता

उरणच्या रस्त्यावर ट्रेलरच्या ब्रेकचा जळका वास आला की मला आमच्या घरातली ती सकाळ आठवते. माझा मोठा भाऊ, दादा, बाइकच्या अपघातात गेला होता. भेटायला आलेले एक लांबचे काका म्हणाले, "आजकालची पोरं बाइक हवेत चालवतात, कोन काय करनार?"

दादा गेल्यापासून गप्प असलेली आई ताडकन उठली.

"माजा पोर सिग्नलला उबा होता. हेल्मेट घालून. ट्रेलरनी त्याला मागनं चिरडला. माज्या घरात त्याला कोनी दोष द्यायचा नाय!"

बाबा तिला बसवायला गेले, तर तिने हात झटकला. मला वाटलं, दुःखाने तिचं भान सुटलं. आज वाटतं, त्या खोलीत भानावर ती एकटीच होती. पुढे कोर्टात समोरच्या वकिलानेही वेगाचंच कारण काढलं. आई तिथेही तितक्याच मोठ्याने बोलली.