शिवम्मा सिस्टरांच्या किल्ल्या

शिवम्मा सिस्टरांच्या आधी त्यांच्या किल्ल्या वॉर्डात यायच्या. कमरेला हा एवढा जुडगा! बाई अक्कलकोटकडच्या, बोलणं अर्धं कानडी आणि जीभ कात्रीसारखी. पहिल्याच दिवशी मला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "नर्स हाईस का पाव्हणी?" पण सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या आमच्या इस्पितळात सातमाशी मुलं जगली, ती त्यांच्याच हट्टानं. मूठभर जीव उबेच्या काचपेटीत ठेवायच्या, ऑक्सिजन सोडायच्या आणि ड्यूटी संपली तरी जागच्या हलायच्या नाहीत. "यमाला म्हणावं, आधी मला विचार," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पुढं आई मूल दाखवायला आली, की त्या जुडगा खुळखुळवायच्या. "नोडु बाळा, नोडु! बघ की!" मूल मान वळवायचं. "बगतंय की! लई चलाख हाय!" झाली डोळ्यांची तपासणी.

मंद्रूपची महादेवी पेटीत वाचलेलं आपलं पोर तिसऱ्या महिन्यात घेऊन आली. "बाई, ह्यो माज्याकडं बगत न्हाय." किल्ल्या वाजल्या, पोरानं मान वळवली. "पोरगं बगतंय, आईच आंधळी!" शिवम्मा म्हणाल्या. आम्ही सगळ्या खो खो हसलो. हो, मीही. दोन महिन्यांनी ती पुन्हा आली आणि पुन्हा तसंच हसं करून घेऊन गेली.

तिसऱ्यांदा आली ती उघड्या मनगटांनी. शिवम्मा कडाडल्या, "नवरा हाय न्हवं तुला? बांगड्या कुटं?"

"मीच फोडल्या, बाई. बांगड्या वाजल्या की ह्यो हसतो. न वाजवता म्होरं हुबी ऱ्हायले, तर मी त्याला न्हायच."

सवाष्णीनं बांगड्या फोडल्या म्हणून सासूनं मारलं होतं. गालावर पाचही बोटं उमटलेली.

शिवम्मांनी जुडगा माझ्या हातात दिला. "मुठीत आवळून धर." मग टॉर्च लावून पोराच्या डोळ्यांपुढून इकडून तिकडं नेला. पोर छताकडं तोंड करून हसत राहिलं.

नवी पेठेतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच मायलेकरांना घेऊन गेले. बाहेर मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्यांची रांग होती. डॉक्टर म्हणाले, "लवकर जन्मलेल्या बाळाचा डोळा कच्चा असतो. ऑक्सिजननं जीव वाचतो, पण कधीकधी आतला पडदा सुटतो. पहिल्या महिन्यातच पाहायला हवं होतं."

"तेव्हा आणलं असतं तर?" मी विचारलं.

"इतक्या लहान बाळाचे डोळे इथं कुणी पाहत नाही. मीही नाही."

महादेवीनं एवढंच विचारलं, "एक डोळा तरी?" डॉक्टरांनी पुढच्या म्हातारीला हाक मारली.

मी येऊन हे सांगितल्यावर शिवम्मांनी ऑक्सिजन कमी करून पाहिला. त्या आठवड्यात दोन मुलं दगावली. मग पुन्हा वाढवला. आता मात्र त्या किल्ल्या मुठीत दाबून आधी टॉर्च धरायच्या. असंच एकदा करकंबच्या बाईचं बाळ टॉर्चकडं फिरेना. शिवम्मांनी टॉर्च विझवला आणि जुडगा वाजवला. "बगतंय की! लई चलाख हाय!" बाई हसत हसत घरी गेली.

ती गेल्यावर मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"खरं सांगून पाठवू कुटं? तू सांग की पत्ता."



निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी जुडगा माझ्या हातात ठेवला. पुढच्याच आठवड्यात एक आई आली. "सिस्टर, हे बघत नाही हो माझ्याकडं." मी टॉर्च लावला. इकडून तिकडं नेला. विझवला.

मग किल्ल्या वाजवल्या. बाळानं मान वळवली, आणि आई हसली.